मुरड्या

बिलावर नाव लांबलचक, इंग्रजी.
आम्ही मुरड्या म्हणतो,
कारण तो कंबरेतून वळतो.
आधी तोंड, मग जरा थांबून
आठवल्यासारखं मागचं अंग.

सारूळच्या खाणीत असे तीन.
माझं काम ग्रीसचं.
उजाडायच्या आत खाली सरपटायचं,
मधल्या जोडात, जिथं दोन धडं
एका पिनेवर एकमेकांना धरून आहेत,
तिथलं निपल चिंधीनं पुसायचं,
गन लावायची, जुनं काळं ग्रीस
बाहेर येईस्तोवर दाबत राहायचं.
पिन कोरडी राहिली तर रडते.
दोन खेपांत कळतं.

दोन नंबरवर सुकदेव बेंडकुळे.
कंबरेला पट्टा. डॉक्टरनं सांगितलंय, वाकू नका.
शिडीवरून उलटा उतरतो, एकेक पायरी,
खाली आला की म्हणतो,
'याला बरं वाकता येतं, भाड्याला.'
चौदा वर्षं डोंगर खाली आणतोय.
वरच्या अंगाला सीताफळी होत्या, तिथं
आता नुसतं आभाळ,
घारींनाही नवीन.

श्रावणातली गोष्ट. मुरूम लोण्यासारखा झालेला.
ढिगाच्या कडेला त्यानं मागं घेतला,
हौदा उचलला, आणि कड गेली.
मी चहात खारी बुडवत होतो.
खारी तशीच सोडून पळालो.

मागचं अंग कुशीवर,
दोन चाकं आभाळात, एक अजून फिरतंय.
केबिन मात्र सरळ उभी.
जोडानं स्वतःला पीळ दिलेला,
धुणं पिळावं तसा,
पण पुढच्याला पडू दिलं नव्हतं.
आत बेंडकुळे. स्टिअरिंगवर दोन्ही हात.
खणात थर्मास, बूच सैल,
थेंब सांडला नव्हता.
वायपर चालूच.

'उतरा,' म्हटलं. उतरेना.
'बंद तरी करा.'
त्यानं वायपर बंद केला. एवढंच.

गायखे मुकादम आले, फोटो काढले,
विम्यावाल्यानं फोनवर गाडीचं नाव विचारलं
तर त्यांनाही ते धड म्हणता येईना.

पाचव्या दिवशी गाडी चाकांवर आली.
उजाडायच्या आत मी खाली सरपटलो,
तर तिथं आधीच कुणीतरी.
पट्टा बाहेर, दगडावर काढून ठेवलेला.
'वाकू नका म्हटलंय ना तुम्हाला?'
'गन दे.'
दिली.
तो दाबत राहिला. जुनं ग्रीस आलं,
मग नवं, पिवळं,
त्याच्या मनगटावरून ओघळायला लागलं.
'बास, दादा. भरलं.'
तरी दाबत होता.