चौथ्या मजल्यावरची पूर्व

रात्रपाळी संपायला दीड तास होता.
उसूब ब्रोयान म्हणाला, "बाई, पूर्व कुठे आहे?"

तिबिलिसीच्या या इस्पितळात
बावीस वर्षांत पूर्व विचारणारा हा पहिलाच.
लोक किती वाजले विचारतात,
मुलगा आला का विचारतात,
आणि दुखणं वाढलं की काहीच विचारत नाहीत.

"भिंतीपलीकडे," मी म्हटलं,
"व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी आहे."
"मग तिथे ने मला."
विनंती नव्हती ती. चाळीस वर्षं
भल्या पहाटे या शहराचे रस्ते झाडलेला माणूस,
उजेड कुठून येतो ते त्याला माझ्याहून जास्त ठाऊक.

तो यझिदी. त्याच्या मुलीने, गुलेने,
पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं:
निळं पांघरूण नको हं त्यांना.
आमच्याकडे सगळीच निळी.
मी तळघरातून एक तपकिरी शोधून आणलं होतं,
इस्त्रीने कोपऱ्यात जळलेलं.

माझ्या गळ्यात द्राक्षवेलीचा क्रूस असतो,
त्याचे दोन्ही हात दमल्यासारखे खाली आलेले.
मोठा उपवास चालू होता. दूध नाही, अंडं नाही.
आणि मनात खरं सांगायचं तर
एक जुनी खोड:
झोपलेल्या पेशंटच्या उशाशी उभं राहून
माझ्या देवाकडे हळूच त्याचं नाव टाकायची.
सिपोराबाईंच्या उशाशी एकदा अशीच पुटपुटत होते,
तर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या,
"माझं सामान उचकू नकोस, पोरी."
त्या गेल्या त्याच आठवड्यात.
ते वाक्य मात्र अजून घरी गेलेलं नाही.

पलंगाचं मागचं चाक अडकलेलं.
लाथ मारली. पुन्हा मारली.
सात नंबरच्या बाईने झोपेत शिवी दिली, ती आम्ही
दोघांनी वाटून घेतली.
चाक कुरकुरत निघालं.

"नाव काय तुझं?" त्याने वाटेत विचारलं.
"म्झिया."
तो हसला, हसताना खोकला,
खोकताना म्हणाला,
"नावातच सूर्य बाळगतेस,
आणि मी आपला कधीचा पत्ता विचारतोय!"

खिडकीशी थांबलो.
डोंगरामागे आधी नुसतं राखाडी,
मग कोणीतरी दार किलकिलं करावं तसं.
पहिला किरण आत आला तो
कुठे पडावा?
फरशी पुसायच्या बादलीच्या काठावर.
तिथे सफाईवालीने फडकं वाळत घातलेलं.

उसूब त्या बादलीकडे असा बघत राहिला
की मीही बघत राहिले.
"ऊन पहिल्यांदा टेकतं ती जागा
आम्ही ओठांना लावतो," तो म्हणाला.
"माझा हात पोचत नाही. तुझा पोचेल."

माझा उजवा हात.
याच हाताने मी रोज क्रूस करते.
क्षणभर तो माझ्याच कुशीत लपला, हे कबूल करते.
पाद्रीबाबांचा आवाज आठवला,
आईचा आठवला.
सिपोराबाई आठवल्या.
या खेपेला मी कोणाचं सामान उचकत नव्हते,
मालकाने स्वतः किल्ली दिली होती.

मी हातमोजा काढला.
बादलीच्या काठावरच्या उन्हाला बोटं टेकवली,
पत्रा गार, ऊन कोमट,
आणि ती बोटं त्याच्या ओठांपाशी नेली.
दाढीचे खुंट टोचले.
तो आपल्या भाषेत काही म्हणाला.
मी अर्थ विचारला नाही.

मग हात धुवायचे होते. नियमच आहे तो,
कोणाच्याही नंतर, कोणाच्याही आधी.
पण बेसिन त्याच्या अगदी समोर.
नळाशी गेले आणि तशीच परतले.
व्हरांडा ओलांडून, जिना उतरून,
तिसऱ्या मजल्यावर जाऊन धुतले.
साबण लावायला नेहमीपेक्षा
जरा उशीरच केला.

वर आले तर तो झोपला होता,
ऊन बादलीवरून पुढे सरकलेलं.
मी उशाशी उभी राहिले.
ओठ हलायला लागले, सवयीने.
मिटले.
वहीत लिहिलं: ताप नाही. नाडी ठीक.
पलंग क्रमांक चार, मागचं चाक दुरुस्त करावे.
आणि खाली, सकाळपाळीच्या ताम्तासाठी:
उद्याही पहाटे व्हरांड्यात न्यावे.
बादली हलवू नये.