खुर्ची

आमच्या चढावर बर्फ पडला की
जो उकरेल, जागा त्याची.
हा कायदा कुठं लिहिलेला नाही,
पिट्सबर्गात तो सगळ्यांना पाठ आहे.
उकरायचं, गाडी काढायची
आणि मोकळ्या चौकोनात ठेवून जायचं
घरातलं काहीतरी मोडकं.
कुणाचं इस्त्रीचं टेबल.
लमॉन्टचा तर प्लास्टिकचा मेंढपाळ आहे,
कुत्र्यानं कान खाल्ला तेव्हापासून
येशूजन्माच्या देखाव्यातून निवृत्त.

मिसेस ह्राबोव्स्कींची खुर्ची स्वयंपाकघरातली.
हिरवं रेक्झीन, एका पायाला टेनिसचा चेंडू.
त्यांच्याकडे गाडी नाही.
अँड्र्यू गेले त्याच मार्चमध्ये ती विकली,
आठशे डॉलरला, पुतण्याला.
तरी पहिला बर्फ पडला की बाई
फावडं घेऊन उतरतात, तासभर उकरतात,
खुर्ची मांडतात, वर जातात.
कुणी काही बोलत नाही.
टपालवाला ड्वेन तेवढा
जाता जाता खुर्चीवरचा बर्फ
हातमोज्यानं झटकतो.

तेवीस तारखेच्या रात्री मी ती उचलली.

हॉस्पिटलच्या धुलाईघरातून सुटले, दोन वाजले होते.
चार गल्ल्या फिरले. पाचवीत बर्फाची काच झालेली.
मनाशी म्हटलं, गाडीच नाही तर जागा कसली.
मग म्हटलं, सहाला उठून परत ठेवीन.
साडेनऊला जाग आली.

बघते तो सगळी गल्ली बाहेर.
बाहेर म्हणजे आपापल्या कामात:
लमॉन्ट त्याच पायरीवर तिसऱ्यांदा मीठ टाकतोय,
टीकाराम अधिकारी कचऱ्याचा डबा सरळ करतोय,
सरळच असलेला.
माझ्या गाडीच्या काचेवर कुणीतरी
बादलीभर पाणी ओतलेलं.
गोठून त्याचं जाड भिंग झालं होतं,
आणि भिंगाखाली, वायपरमध्ये अडकवलेला कागद,
त्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द:
खुर्ची.
पुढे पूर्णविराम. तो जास्त लागला.

खुर्ची डोक्यावर घेऊन मी त्यांच्या दारी गेले.
महापालिकेच्या शहाण्णव पायऱ्या, कठडा सैल;
जुळवलेली माफी साठाव्या पायरीलाच संपली.
त्यांनी दार उघडलं. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"ओली आहे. शेगडीपाशी ठेव."

आत आंबलेल्या कोबीचा, सुक्या अळिंबीचा वास.
टेबलावर चार ताटं, येणारी माणसं तीन.
"एक जास्तीचं मांडायचं असतं आज,
वाट चुकलेल्यासाठी. आईची रीत.
सत्तर वर्षांत एकदाच कुणी आलं,
गॅसवाला, मीटर बघायला.
घाईत होता, जेवला नाही."
मग खुर्चीचं रेक्झीन फडक्यानं पुसत म्हणाल्या,
"चौथी खुर्ची हीच.
चोवीसला रात्री ही आत असते, जागा उघडी असते.
एक दिवस थांबायचं होतंस."

मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं.
"विचारलं असतंस तर असतं."

पाणी कुणी ओतलं ते मी विचारलं नाही.
निघताना अक्रोडाच्या रोलचा डबा हातात दिला,
वर सल्ला: "काचेवर उकळतं ओतू नकोस,
तडकेल. कोमट घे."
म्हणजे माहीत होतं तर.

तो डबा अजून माझ्याकडेच आहे.
रिकामा कसा परत करू, आणि मला
टोस्टपलीकडे काही येत नाही.
टीकाराम म्हणतो, सेलरोटी शिकवतो,
पण त्याची पहिली घाणी त्याच्याच घरी जळते.

जानेवारीत पुन्हा पडला, गुडघाभर.
मी पाचला उठले, फावडं घेतलं,
त्यांची जागा उकरायला लागले.
वरच्या खिडकीत दिवा लागला. बराच वेळ नुसताच दिवा.
चौकोन साफ झाला, कडा तासल्या,
मी पाठ सरळ केली,
तशी खिडकी उघडली, वाफेसकट आवाज आला:
"अजून थोडं डावीकडे!
अँड्र्यू तिरकी लावायचा."