धाव

अकरा केव्हीच्या लायनीखालची बाभूळ छाटताना
फांदीसकट खाली आला,
पोळ्याच्या आठवड्यात.
मागच्या पायाला कोयता चाटून गेलेला.
मी लाइनमन. खांबावर चढायचं, उतरायचं, एवढंच माहीत.
घोयऱ्या सरडा उतरवल्यावर काय करतात, कोण सांगणार?
हेल्मेटात घालून क्वार्टरवर आणला.

सेलूच्या सबस्टेशनमागं आमची खोली.
खिडकीत तेलाच्या डब्यात लावलेला कढीपत्ता,
भोवती जुन्या मच्छरदाणीची जाळी.
माझ्या पोरीनं, श्रावस्तीनं, नाव ठेवलं: फ्यूजराव.

नाकतोडा धरला की
एक डोळा नाकतोड्याकडं, दुसरा माझ्याकडं,
मग जीभ. टप्पकन.
दसऱ्यापर्यंत एकदा नाही चुकला.
पाय भरून आला.
झोपला की पिस्त्यासारखा फिका पडायचा,
शेपटीचं वेटोळं माझ्या करंगळीला.

दिवाळीच्या तोंडावर बिघडला.

बिघडला, हाच शब्द आला तोंडात,
डीपी बिघडते तसा.
नाकतोडा दिला, मान फिरवली.
हात नेला, फुस्स करून तोंड वासलं,
माझ्यावर, रोजच्या हातावर.
अंग काळवंडलं, त्यावर पिवळे ठिपके.
आणि रात्रभर नखं:
खर्र. खर्र.
मधेच गप्प,
पुन्हा खर्र.
जो कधी फांदी सोडून खाली आला नाही
तो डब्यात उतरून
मुळांनी गच्च झालेली माती ओरबाडायचा,
पत्रा लागला की थांबायचा,
दुसऱ्या कोपऱ्यात जायचा.

फॉल्ट शोधतात तसा मी शोधत गेलो.
ऊन? डबा सरकवला.
पाणी? पानांवर शिंपडलं.
पायाची जखम? कोरडी, बरी.
शेजारचं मांजर? खिडकीला फळी ठोकली.
एकेक जोड तपासला, सगळे ठीक,
आणि तरी घरात अंधार.

सासरे आले होते पालमहून. म्हणाले,
“रंग बदलणारं जनावर, त्याचा काय भरवसा.
द्या सोडून. सरड्याची धाव कुंपणापर्यंत.”
मी ऐकून घेतलं.

मग खैरुन्निसा बी आल्या, विरजण मागायला.
चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई.
चष्मा पुसला, जाळीशी वाकल्या.
पोटाच्या बाजूला उठलेले गोल गोल उंचवटे,
वाटाण्याच्या भरल्या शेंगेसारखे.
मी रोज बघत होतो,
जेवण पचेना गेलंय, असं धरून चाललो होतो.
“मर्द नै, औरत है ये,” त्या म्हणाल्या.
“इसकू मिट्टी होना.”
आणि वाटी झाकून निघून गेल्या.

फ्यूजराव बाई निघाला म्हणून
श्रावस्ती हसून हसून लोळली.
मला हसू येईना.
पंधरा दिवस ती एकच गोष्ट सांगायली होती,
रंगानं सांगून झालं, नखानं झालं, उपाशी राहून झालं,
आणि मी व्होल्टेज बघत बसलो होतो.

त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत,
हेल्मेटात ती, सायकलवर मागं पोरगी,
ओढ्याकाठच्या त्याच बाभळीशी गेलो.
छाटल्या जागी धुमारे आले होते.
काळी माती, वर पापुद्रा, खाली ओल.
बोटावरनं उतरली.
एक डोळा मातीकडं,
दुसरा पण मातीकडं.

दुखऱ्या पायानं जरा कमी,
बाकी तिन्हींनी उकरायला लागली.
आधी डोकं गेलं, मग खांदे,
मग नुसती शेपटी दिसत राहिली बाहेर.
श्रावस्तीनं विचारलं, “पप्पा, कुंपण कुठंय हितं?”
मी इकडं तिकडं पाहिलं. नव्हतं.
अंधार पडेपर्यंत बसलो,
टॉर्च लावला नाही.

सकाळी गेलो तर जागा थापून सपाट केलेली,
वर काडीकचरा, जसं काही झालंच नाही.
ती कुठं दिसली नाही.
असेल वर, हिरव्यात हिरवी.

आज छाटणीचं रजिस्टर भरलं.
त्या खांबापुढं लिहिलं: फांदी नाही.
आहे. लायनीपासून दीड हात खाली आहे,
आषाढापर्यंत पोचणार नाही.
साहेबांनी विचारलं तर बघू.