चार नंबरचा अर्थ

गिरणाऱ्याच्या वाटेवर, गंगापूर धरणाच्या कडेला,
थेट्यांनी दोन एकर द्राक्षबाग काढून ट्रॅक केला.
सहा एटीव्ही, लालभडक, फुगलेल्या टायरांच्या.
शनिवार-रविवार लोक किंचाळत चिखल उडवतात,
सोमवारी आम्ही.

आज चार नंबर मुका.
बटण दाबलं की टक्.
बास, एकच टक्.
थेटे चहाचा कप धरून लांबूनच म्हणतात,
"बॅटरी टाका ताई नवीन."
टाकली असती तर वर्षातली तिसरी.

रोहिदास, तू पेठहून पहिल्या एसटीनं येतोस,
डोळे अजून चोळतोयस, तरी ऐक.
बॅटरीला सगळे आधी बोल लावतात,
घरात थोरल्या सुनेला लावतात तसे.
मीटर धर. बारा पॉइंट सहा.
म्हणजे ती ठणठणीत आहे, उगाच बदनाम.
आता बटण दाबून ठेव.
आकडा पडतोय? नाही ना?
ताकद घरातच बसून आहे,
वाटेत कुणीतरी अडवलंय तिला.

काळी वायर दिसतेय? तिच्या मागे जा.
घाई नको. तारेला बोट लावून चाल,
पिळलेली असेल, कडक झाली असेल,
तर कातडीला आधी कळतं, डोळ्याला मागाहून.
सीटखाली उंदरानं घर केलेलं,
द्राक्षाच्या घडांना गुंडाळायचे कागद कुरतडून मऊ केलेले,
आणि पिवळ्या वायरीची साल अर्धी खाल्लेली.
तिला टेप लाव. नाही, हा नको, उन्हात सुटतो.
तो काळा, आकसणारा पाइप घे.

फ्यूजच्या डबीत बघ.
मागच्या वर्षी दोन नंबरच्या फ्यूजला
सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली सापडली,
कुणी हुशारानं. वीसचा जळतो म्हणून.
अरे, तो जळायलाच बसवलेला असतो!
तो जळला नाही म्हणून सगळा हार्नेस जळला,
आणि माझा हा अंगठा.

आता ही काळी वायर चॅसीला येते तिथं.
लाल टोक बोल्टला, काळं टोक बॅटरीच्या काळ्या खांबाला.
बटण.
सात व्होल्ट.
शून्याच्या जवळ हवं होतं, पोरा,
सात व्होल्ट एका बोल्टाखाली गडप होतायत.

खोल.

वॉशरखाली रंग.
गुळगुळीत, चमकदार, दोन हात दिलेला.
दसऱ्याला थेट्यांच्या भाच्यानं सहाही गाड्या
प्रेशरच्या पंपानं धुतल्या, फवारल्या,
झेंडूचे हार घातले, हळदकुंकू वाहिलं,
आणि भक्तीच्या भरात
जिथं लोखंडाला लोखंड भिडायला हवं
तिथंही रंग गेला.
पंपाचं पाणी कनेक्टरांत बसलं ते वेगळंच,
हिरवं फुललंय बघ, बुरशीसारखं.
धुवा की. पण फडक्यानं. बादलीनं.
आणि जोडांत बोटभर ग्रीस भरून ठेवा आधी.

ह्या वायरीला आपण अर्थ म्हणतो.
माझ्या बाबांनाही हाच शब्द,
अंबडच्या कारखान्यात त्यांनी तोच शिकवला,
आणि कधी हसले नाहीत त्यावर.
आज मलाच हसू आलं.
तीन महिने तिघं मिस्त्री येऊन गेले,
कुणालाच अर्थ लागला नव्हता.

पॉलिशपेपर घे. गोल गोल नको, उभं घास.
धातू उघडा पडला की थांब.
बोल्ट आवळ. ग्रीस वरून, आत नव्हे.
दाब.

धडधडली.
बांधावरचे दोन बगळे उठले,
थेटे चहाचा कप घेऊन जवळ आले
आणि बॅटरीचे वाचलेले पैसे मनात मोजून म्हणाले,
"एवढंच होतं तर पाचशे कसले?"
मी पाचशेच घेतले.

रोहिदास मागे राहिला होता.
बोल्टाच्या शेजारी पांढरी चिकटपट्टी लावून
मार्करनं लिहीत होता, जीभ दातांत धरून:
ईथे रंग दऊ नये.
चुका सुधारायला गेले, आणि राहू दिलं.
पाच नंबरची सीट उचलली.