मंगळवारचं वजन

ऊस संपला की साखर कारखान्याचा भोंगा मिटतो
आणि पुढचे चार महिने
आमच्या नेग्रोस बेटावर मेला हंगाम.
लगेच कुणी मरत नाही.
फक्त चुली एक दिवसाआड पेटतात
आणि दुकानातली तेओदोरा
उधारीची वही गल्ल्याखाली सरकवून
उगाच माश्या हाकलत बसते.

दर मंगळवारी चर्चच्या पडवीत पेज.
पातेलं एवढं मोठं
की सिस्टर युफेमिया स्टुलावर चढून ढवळते,
झगा कमरेला खोचलेला, बाह्या कोपराच्या वर.
ठेचलेलं आलं, शेवग्याचा पाला मूठमूठ,
एखाद्या मंगळवारी सुकट.
त्या मंगळवारी रांग आपोआप लांबते,
वास कुणाला सांगून येत नाही.

माझं काम वहीचं.
वाटी हातात पडण्याआधी पोर काट्यावर.
चिंचेच्या फांदीला टांगलेला काटा,
खोबऱ्याच्या व्यापाऱ्याने दिलेला.
त्याला माणूस तोलायची सवय नाही,
झोळीत पोर बसलं
की आधी बराच वेळ थरथरतो.

बाकोलोदच्या कचेरीतून नियम आलाय, टाइप केलेला:
पाच वर्षांच्या मुलाचे चौदा किलो भरताच
नाव कमी करावे, जागा दुसऱ्यास द्यावी.
नियम वाईट नाही.
पातेल्याला तळ असतो.

क्रिसांतोचा धाकटा, बेनिल्दो.
तेरा किलो. पुढच्या मंगळवारी तेरा.
त्याच्या पुढच्याही.
सिस्टर काही बोलली नाही,
नुसता तिचा खालचा ओठ आत गेला.
पोरांना ओठ वाचता येतात,
अक्षर यायच्या कितीतरी आधी.

चौथ्या मंगळवारी तो आला
चड्डी दोन्ही हातांनी घट्ट धरून.
काटा थरथरला, थांबला:
चौदा किलो शंभर.
रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.
मी त्याच्या नावाखाली पट्टी धरली,
तांबडी पेन्सिल उचलली.

सिस्टरने त्याला झोळीतून उतरवलं
आणि खळ्ळकन वाजलं काहीतरी.

नदीतले चार गुळगुळीत दगड,
दोन या खिशात, दोन त्या.
तो तिच्या तोंडाकडे बघत होता.
‘आज बरं वाटलं ना तुला?’

ती स्टुलावर बसली, तो तिच्या मांडीवर,
बसूनच राहिली.
कुणीतरी ओरडलं, पेज लागतेय, पेज लागतेय.
त्या दिवशीची पेज करपली.
सगळ्यांनी खाल्ली.

मी विचारलं, काय लिहू?
ती म्हणाली, दगड वेगळे तोल.
एक किलो पन्नास.
म्हणजे पोर तेरा किलो पन्नास,
गेल्या खेपेपेक्षा पन्नास ग्रॅम जास्त,
खरे, हाडामांसाचे,
आणि ते आम्हाला
दगड बाजूला काढल्यावर दिसले.

आता भोंगा पुन्हा वाजतो.
क्रिसांतो पहाटे कोयता घेऊन जातो,
संध्याकाळी काजळी होऊन येतो.
काटा चिंचेवरून उतरवला, गोणपाटात बांधला.

काल कचेरीतून हिशेब तपासायला एक जण आले.
तांदूळ किती पोती, सुकट किती, रॉकेल किती,
प्रत्येक ओळीवर बोट.
आवकेच्या रकान्यात ते बोट थांबलं:
नदीतले दगड, चार.
देणारा बेनिल्दो, वय वर्षे पाच.

हे काय?
देणगी, मी म्हटलं.
सिस्टर पातेलं घासत होती, तिने मान वर केली नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
ओळ खोडायला पेन उघडलं.
तेवढ्यात समुद्राकडून वारा आला,
वहीची पानं फडफडली
आणि त्यांनीच घाईने हात लांबवून
टेबलावरचा एक दगड उचलला,
पानावर ठेवला.