सतरा नंबर

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागल्या अंगाला आमची खोली.
परत आलेले पंप हितं येतात, गळ्यात सुतळीची चिठ्ठी,
शाळेनं घरी धाडलेल्या पोरांसारखे.

चिठ्ठ्या मी उघडते.
यमकनमर्डीचा ढाबेवाला लिहितो, ‘नीरु बरवल्दु’.
बास. एवढंच.
खानापूरचे रोपवाटिकावाले घाडी:
‘मोटर फिरते, पाणी चढेना, माणूस पाठवा की ओ.’
चंदगडच्या एका बाईची चार पानं,
पंप शेवटच्या ओळीत.

ह्या सगळ्याला माझ्याकडं बावीस नंबरांची यादी.
सील, बेअरिंग, वाइंडिंग, व्होल्टेज, गाळ…
आणि सतरा: कारण सापडले नाही.
जेवणाच्या सुट्टीआधी बोटं आपसूक सतरावर जातात.

हंचिनमनी साहेब कानडी चालीत मराठी बोलतात.
परवा म्हणाले,
‘मावशी, सतरा हे रोग नाही. सतरा म्हणजे आमचं झोप.’

शनिवारी थांबले.
एक्केचाळीस सतरा पुन्हा मांडले.
विकल्याची तारीख सोडली, ओतल्याची धरली,
तर वर्षभर इकडंतिकडं विखुरलेली तक्रार
एका आठवड्यात येऊन बसली.
मार्चचा दुसरा. हीट सहाशे बारा ते एकोणीस.

तपासणीचं रजिस्टर काढलं. बुशचं माप: बरोबर.
बरोबर, बरोबर, बरोबर, पानभर,
आणि खाली सही:
कुसुम मजुकर.

त्या आठवड्यात भैरू रजेवर, दोन पाळ्या माझ्याच.
गेज झिजलं होतं, सैल जायचं, हाताला कळत होतं.
स्टोअरला सांगितलं होतं का मी?
सांगितलं असेल.
रजिस्टरात तरी नाही.

यादीत नऊ नंबर आहे: तपासणीतली चूक.
आजवर कुणी वापरलेला नाही,
त्याची ओळ नव्या वहीसारखी कोरी.
अडतीस वेळा नऊ टाकला.
तीन उरले, ते खरंच सतरा.
त्यांना तसंच राहू दिलं.

साहेब सोमवारी काय म्हणायचं ते म्हणतील.

पण त्या आठवड्यात पंप निघाले दोनशे बारा.
उरलेले अजून कुणाच्या तरी बोअरमध्ये
खाली अंधारात घासत चाललेत,
आणि वॉरंटीला राहिलेत वीस दिवस.
वीस दिवस गप्प बसलं तर कागद आपोआप स्वच्छ होतो,
हे ह्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

डीलरांची वही उघडली.
पहिला नंबर संकेश्वरचा.
‘हॅलो… नाही, तक्रार नाही आली तुमची.
म्हणूनच फोन केलाय.’