तारीख

मे महिन्यातला रविवार. गड्डीगोदामच्या चर्चमध्ये
कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि नवे पाळक तायवाडे, वय अठ्ठावीस,
एकेका बाकाला विचारून राहिले होते:
तुमच्या नव्या जन्माची तारीख सांगा.

बेंजामिन मास्तरांनी सांगितली, वारासकट.
हेमलताबाईंनी वेळही सांगितली, सकाळचे साडेनऊ.
माझ्यापुढे माइक आला
आणि मी चष्मा पुसत बसले.

पाळकसाहेब,
अडतीस वर्षं मी मिशनच्या प्रसूतिघरात होते.
तारखा मीच लिहायची,
निळ्या शाईनं, जाड रजिस्टरात.
एकाही पोट्ट्यानं मला आपली तारीख सांगितली नाही.
एकही ठरवून आलं नाही.
कोणी पायाळू, कोणी नाळ गळ्यात गुंडाळून,
एक तर कामठी रोडला, फाटक बंद असताना,
मी रिक्षात गुडघे टेकून, आणि समोरून
मालगाडीचे डबे संपता संपेनात.
जोर आईचा. रक्त आईचं.
फाटली ती आई.
पोरगं नुसतं आलं.

लोक म्हणतात, रडलं म्हणून जगलं.
उलटं आहे ते.
जीव आत शिरला, म्हणून रडलं.
मी पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या,
तोंडातला चिकटा बोटानं काढला,
पण ते जे आत शिरतं
ते माझ्या ट्रेमध्ये कधीच नव्हतं.

ज्यांच्यात शिरलं नाही, त्यांचंही सांगते.
त्यांचा रकाना वेगळा, शाई लाल.
याच हातांनी चोळलं होतं त्यांनाही,
तेवढाच वेळ, कधी जास्तच.
मोरीपाशी हात धुताना मी देवाला विचारायची, काऊन?
अजून उत्तर नाही.
तुम्हाला सापडलं असेल तर सांगा,
पण घरी येऊन सांगा. माइकवर नको.

माझा धाकटा भाऊ शलमोन
अजनीच्या लोको शेडात फिटर, अर्धा पगार गुत्त्यात.
आईनं उपास धरले,
मी प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या,
त्यानं स्वतः सात वेळा शपथ घेतली,
सातव्यांदा शास्त्रावर हात ठेवून,
आणि त्याच हातानं संध्याकाळी बाटलीचं बूच काढलं.
मग मेयोचा वॉर्ड. नाकात नळी, पोट फुगलेलं.
पहाटे कधीतरी, कोणी काही बोलत नसताना,
कोणी समजावत नसताना,
तो एकदम हुंदका देऊन म्हणाला,
"बापा."
आमचा बाप मरून तेव्हा तीस वर्षं झालेली.

मी स्टुलावरून उठले.
तो आवाज मला ओळखू येतो,
कपबशांच्या आवाजातही, झोपेतही.
बाळ रडलं की घड्याळ बघायचं, ही हाडात मुरलेली सवय,
आणि त्या पहाटे मी घड्याळ बघायला विसरले.

नंतर नऊ वर्षं जगला. दारू सुटली.
चिडकेपणा मात्र बरेच दिवस गेला नाही;
बाळाला दातही हळूहळूच येतात, साहेब,
आणि येताना ते चावतं.

माझी तारीख?
या देहाच्या जन्माचीही मला आईनंच सांगितली,
तिलाही पक्की नव्हती:
पिवळी मारबत निघाली त्याच्या आदल्या रात्री, म्हणायची,
पण साल कोणतं, त्यावर मावशीचं आणि तिचं भांडण.
शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक जून टाकला.
तरी मी आहे.
तिसऱ्या बाकावर, पंख्याच्या रेषेत,
श्वास चालू.

मी माइक पुढच्या बाईकडे दिला.
जो त्या वेळी तिथं होता
त्याच्या रजिस्टरात असेल माझी तारीख.
शाई निळी असू दे,
एवढंच.